जहाजाच्या आदल्या रात्री

कल्याण-शीळ रस्त्याने मानपाडा, काटई, पलावा, देसाई अशा वसाहती आणि गावे मागे टाकीत आपण कल्याणफाट्यास येतो आणि तेथून थोड्याच अंतरावर शीळफाटा लागतो. येथे मुंब्रा-पनवेल मार्ग आडवा धावतो व एक रस्ता पारसिकच्या डोंगररांगेतून महापेकडे उतरतो. या चौकात दिवसरात्र अवजड गाड्यांची रांग असते. त्यांतील पुष्कळशा गाड्या न्हावाशेवाच्या बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे, नाशिककडे अथवा गुजरातकडे निघालेल्या असतात. त्यांच्यावरचे निळे, लाल, तपकिरी कंटेनर काही दिवसांपूर्वी एखाद्या जहाजावर रचलेले होते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. याच परिसरात मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटर लांबीचा बोगदा येऊन मिळतो आणि त्यातील ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. समुद्र शीळफाट्यावरून दिसत नाही. परंतु त्याच्या कामकाजातून हे ठिकाण कधी सुटलेलेही नाही.

या परिसरात राहणाऱ्या आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न पडू लागला आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई बंदरातून देशांतर्गत प्रवासी क्रूझ नियमित सुटू लागल्या. गोवा, लक्षद्वीप, कोची असे प्रवास मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आले. २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले. जैन भोजनाची व्यवस्था आगाऊ सांगितल्यास होते, हे कळल्यावर ज्येष्ठांनाही बरोबर नेण्याचा धीर आला. तिकिटे निघाली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती आदल्या रात्रीची. मुंबईत मुक्कामास जावे, की त्याच दिवशी घरून निघावे?

प्रश्न लहान दिसतो. आमच्याही घरी तो तसाच दिसला होता. गेल्या डिसेंबरात जे घडले, त्यानंतर मात्र त्याकडे अधिक गांभीर्याने पाहावेसे वाटले. तो अनुभव व त्यावरचा विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

बंदरांच्या मुलखात

प्रथम आपण कोठे राहतो याचे थोडे स्मरण करू. आज आपण ज्याला लोकलचे जंक्शन म्हणून ओळखतो, ते कल्याण दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रव्यापाराचे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कल्याण एका बाजूस, ठाणे दुसऱ्या बाजूस आणि आजचे न्हावाशेवा दक्षिणेस, अशा तीन बंदरांच्या मध्ये शीळफाट्याचा हा टापू वसला आहे.

यांपैकी ठाण्याशी तर आपल्या समाजाचे नाते कथेतून आणि भक्तीतून जुळलेले आहे. चैत्र व आश्विन महिन्यांत नवपदाची ओळी येते, तेव्हा नऊ दिवस आयंबील करणारे भाविक श्रीपाळ राजाचा रास ऐकतात. उपाध्याय विनयविजयजींनी आरंभलेली आणि त्यांच्या निर्वाणानंतर उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेली ही रचना आपल्या घराघरांत परिचित आहे. तिच्यातील समुद्रप्रवास आठवून पाहा. भरुचच्या बंदरात धवल शेठची पाचशे जहाजे अडकून पडली आहेत, काही केल्या हलत नाहीत. निघण्याच्या घाईने व्याकूळ झालेला तो व्यापारी नरबळी देण्यापर्यंत जातो. श्रीपाळ नवपदाचे ध्यान करतो आणि जहाजे मोकळी होतात. पुढे याच धवल शेठने लोभापायी श्रीपाळास समुद्रात लोटले आणि तो नवपदाच्या स्मरणाने तरून कोकणच्या किनाऱ्यावर ठाणा नगरीस लागला. टेंभी नाक्याजवळचे श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय या कथेशी जोडलेले असून ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून त्याची ख्याती आहे.

लहानपणी ही कथा ऐकताना समुद्रातील मगरमत्स्याकडेच आमचे लक्ष असे. आता वाटते, तिचा बंदरातला भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. एकाच धक्क्यावर, एकाच दिवशी, एक मनुष्य अस्वस्थ होऊन नको ते करायला तयार होतो व दुसरा आपल्या आराधनेत स्थिर राहतो. जहाज दोघांचे एकच होते.

प्रस्थान ठेवण्याची रीत

लांबच्या प्रवासापूर्वी घर सोडून दुसरीकडे मुक्काम करण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. जुन्या काळी ‘प्रस्थान ठेवणे’ अशी रीत होती. प्रत्यक्ष निघण्याच्या आधी सोयीच्या वेळी प्रवासाचे एखादे गाठोडे शेजाऱ्याकडे किंवा गावातील आप्तांकडे नेऊन ठेवीत. कधी प्रवासी स्वतःही तेथेच रात्र काढी. त्यामागे मुहूर्ताची समजूत असे हे खरे. परंतु तीत एक व्यवहारज्ञानही होते. मन घरातून सुटायला वेळ लागतो. सामानात काय राहिले, कुलूप लावले की नाही, दूधवाल्यास सांगितले की नाही, हे सर्व प्रश्न पहिल्या मुक्कामावरच आठवतात आणि तेथून परतणे सोपे असते.

बॅलार्ड पिअरचा इतिहास याच्या उलट सोयीचा आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उभारणीशी संबंधित असलेल्या बॅलार्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धक्क्याला लागूनच एके काळी ‘बॅलार्ड पिअर मोल’ हे रेल्वेस्थानक होते. विलायतेच्या बोटीतून उतरलेले प्रवासी फ्रंटियर मेलसारख्या गाडीत तेथूनच बसत आणि थेट उत्तरेकडे जात. शहरात मुक्कामाची गरजच पडू नये, अशी ती योजना होती. आज ते स्थानक नाही. आज धक्क्यापर्यंतचे शेवटचे अंतर ज्याने त्याने आपापल्या हिशेबाने गाठायचे असते.

एक जहाज, दोन वाटा

आमचे कुटुंब काटईजवळ राहते. धाकटा भाऊ नाशिकला असतो. आई आमच्याकडे असते. वय ७२, गेली ३१ वर्षे चौविहार, उकळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग. वडील गेल्यावर ती फारशी कोठे गेली नव्हती. आगगाडीच्या खिडकीतून खाडी दिसली तरी पाहत राहणाऱ्या या बाईला एकदा भर समुद्र दाखवावा, असे आम्हा दोघा भावांच्या मनात होते. म्हणून तीन रात्रींचा प्रवास ठरला. जहाज रविवारी सायंकाळी साडेपाचला सुटणार होते. नोंदणी दुपारी साडेतीनपर्यंत.

नाशिककरांना पर्याय नव्हता. कसाऱ्याच्या घाटातून त्याच दिवशी येऊन बोट गाठणे म्हणजे गाडीच्या वेळेवर सर्व भार टाकणे. म्हणून भाऊ, त्याची पत्नी व दोन मुले शनिवारीच पंचवटी एक्सप्रेसने मुंबईस गेली आणि पायधुणीच्या बाजूला एका धर्मशाळेत उतरली. आईलाही आपल्याबरोबर आदल्या दिवशी आणावे, असे त्याने सुचवले होते. आईने नकार दिला. परक्या अंथरुणावर तिला झोप येत नाही आणि रविवारची सकाळची पूजा तिला आपल्याच जिनालयात करायची होती. आम्हालाही ते बरे वाटले. शीळफाट्यापासून बॅलार्ड पिअर साधारण ४० किलोमीटर. एवढ्याकरिता खोलीचे भाडे कशाला भरावे, असा साधा हिशेब आम्ही केला.

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता, म्हणून लोकलचा विचार सोडला आणि गाडी ठरवली. साडेदहाला जेवणे उरकली. आईचा संध्याकाळचा डबा, खाखरे आणि उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. त्यांतील एक बाटली हातात, बाकी सर्व मोठ्या बॅगेत. बारा वाजता निघालो.

कल्याणफाट्याच्या अलीकडेच गाड्या थांबल्या. महापेच्या चढावर एक ट्रेलर बंद पडला होता आणि त्यामागे शेकडो वाहने. मेट्रोच्या कामामुळे रस्ता आधीच अरुंद झालेला. पहिली पंधरा मिनिटे आम्ही थट्टामस्करीत घालवली, पुढची पंधरा फोन करण्यात. त्यानंतर गाडीत कोणी बोलेना. समोरच्या ट्रेलरवर कंटेनर होता, बंदरातून आलेला. ज्या बंदरास आम्ही निघालो होतो त्याच्या शेजारच्या बंदराने आमची वाट अडवली होती. दीड तासाने रांग हलली. पुढे वाशीच्या पुलावर व पूर्व मुक्तमार्गावर वेळ भरून काढता येईना. आईने हातातली बाटली नातीला दिली, कारण तिला गाडीत मळमळत होते. टर्मिनलवर पोहोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

त्या घाईत एक चूक झाली, ती सर्वस्वी आमची. सामान स्वीकारणाऱ्याने मोठी बॅग मागितली, आम्ही दिली. तिच्यावर पट्टी लागली आणि ती आत गेली. डबा तिच्यातच होता. लक्षात येईपर्यंत बॅग दृष्टीआड झाली होती. ती खोलीत येणार होती ती रात्री.

तपासणी व कागदपत्रे होऊन जहाजावर पाऊल ठेवायला पावणेपाच झाले. भाऊ एक वाजताच येऊन पोहोचला होता. त्याने भोजनकक्षातील व्यवस्थापकांस सांगून चौविहार करणाऱ्यांसाठी चार वाजता जेवणाची सोय करून घेतली होती आणि आईचे ताट झाकून ठेवले होते. पण पाच वाजता सर्व प्रवाशांना सुरक्षा-कवायतीस हजर राहणे बंधनकारक होते. जीवरक्षक जाकीट कसे घालावे, कोणत्या होडीपाशी जमावे, हे प्रत्येकाने पाहिलेच पाहिजे, आणि ते योग्यच आहे. कवायत संपली पाच चाळीसला. आम्ही भोजनकक्षाकडे धावलो. कक्ष सफाईसाठी बंद झाला होता आणि झाकलेले ताट उचलले गेले होते. त्यांत कर्मचाऱ्यांचा दोष नव्हता. रिकाम्या टेबलावर राहिलेले ताट कोणीही उचलील. पुन्हा कक्ष उघडणार होता सात वाजता.

डिसेंबरात मुंबईत सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. एका तरुण कर्मचाऱ्याने परिस्थिती ओळखली आणि कोठून तरी उकळते पाणी आणून निववून दिले. आईने दोन घोट घेतले, हात जोडले आणि चौविहाराचे पच्चक्खाण केले. डेकवर संगीत सुरू झाले होते. जहाज धक्क्यापासून हळूहळू दूर होत होते. ज्या क्षणाकरिता आम्ही तिला आणले होते तो हा क्षण होता, आणि आम्हा कोणाचेही समुद्राकडे लक्ष नव्हते.

आईला मधुमेह आहे. सकाळी साडेदहानंतर ती दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत काही घेणार नव्हती. जहाजावरील डॉक्टरांनी रात्री दोनदा येऊन साखर तपासली आणि सकाळपर्यंत कसे लक्ष ठेवायचे ते समजावले. आम्ही दोघे भाऊ आळीपाळीने जागलो. आमच्यापैकी कोणी जेवले नाही. रात्र निभावली. सकाळी सूर्योदयानंतर दोन घडी होताच तिने नवकार गणून पारणे केले. मग म्हणाली, “मला एका रात्रीचं काही नाही रे. पण मुलं उपाशी झोपली, ते मला बरं वाटलं नाही.”

आधी पोहोचलेल्यांची कहाणी

यावरून आदल्या रात्री मुंबईस जाणेच शहाणपणाचे, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला होता. भावाशी सविस्तर बोलल्यावर तो थोडा बदलला.

त्यांची रविवारची सकाळ उत्तम गेली होती. पायधुणीचे श्री गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन-पूजन झाले, नवकारसी शांतपणे झाली, भोजनशाळेत दुपारचे जेवण झाले आणि टॅक्सीने ते थोड्याच वेळात धक्क्यावर पोहोचले. शनिवारची रात्र मात्र तशी नव्हती. खोली रस्त्यावर होती. हातगाड्या, माल उतरवणाऱ्यांची हाकाटी आणि एक लग्नाची वरात यांमुळे एक वाजेपर्यंत झोप नाही. धाकट्या मुलीला धुळीने खोकला सुरू झाला, तो प्रवासभर राहिला. एका रात्रीत खोली, टॅक्सी, खाणेपिणे व मुलांची खरेदी मिळून जेवढा खर्च झाला, तेवढ्यात जहाजावरील एकाचे अर्धे भाडे निघाले असते, असे वहिनी हिशेब करून म्हणाली.

आणखी एक गोष्ट भावाने जरा संकोचाने सांगितली. त्याच्या मोठ्या मुलाने पर्युषणात महाराजसाहेबांकडून वर्षभर रात्रीभोजनत्यागाचा नियम घेतला होता. शनिवारी सायंकाळी मोकळा वेळ होता म्हणून सारे मरीन ड्राइव्हला गेले. परतताना मुलाने कुल्फी मागितली. मोठी माणसे थकलेली होती, शहराची रात्र उजळलेली होती, आणि नियमाचे कोणालाच भान राहिले नाही. खाऊन झाल्यावर मुलालाच आठवले. तो रडला नाही, पण जहाजावर आजीने पच्चक्खाण केले तेव्हा तो तिच्या समोर थांबला नाही. कठड्यापाशी जाऊन उभा राहिला.

म्हणजे जी उशिरा पोहोचली तिचे व्रत राहिले आणि जो वेळेपूर्वी पोहोचला त्याचे सुटले. आदल्या रात्रीचा मुक्काम आपल्याला फक्त वेळ देतो. त्या वेळेचे काय होते, हे मुक्कामाच्या जागेवर आणि आपल्या सावधपणावर ठरते. ‘जयणा’ हा शब्द आपण पाणी गाळताना आणि पाऊल टाकताना वापरतो. प्रवासाची आखणी करतानाही तो तितकाच लागू आहे.

बंदरातील पंचवीस दिवस

बंदराच्या शहरात थांबण्याचे लाभ आणि धोके दोन्ही एका सुप्रसिद्ध उदाहरणात एकत्र दिसतात. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांची एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मुलगा परदेशी जाऊन भ्रष्ट होईल, या भीतीने आई पुतळीबाई परवानगी देईनात. तेव्हा मूळचे मोढ वणिक असून पुढे जैन साधू झालेले बेचरजी स्वामी मदतीस आले. त्यांनी मद्य, मांस व स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मगच आईने आशीर्वाद दिला. १० ऑगस्टला राजकोट सोडून ते मुंबईस आले; जहाज मिळाले ४ सप्टेंबरला. मधले पंचवीस दिवस मुंबईत गेले.

ते दिवस सुखाचे नव्हते. या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पहिलाच प्रवास दिवाळीनंतर करावा, असा सल्ला भावाच्या मित्रांनी दिला. भाऊ पैसे एका नातलगाकडे ठेवून राजकोटला परतला. इकडे मुंबईतील ज्ञातिबांधवांना वार्ता लागली. सभा भरली, तरुणास जाब विचारला गेला आणि तो ऐकत नाही असे पाहून त्यास वाळीत टाकले गेले. त्याला मदत करणाऱ्यास किंवा धक्क्यावर निरोप देण्यास जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरला. ज्याच्याकडे पैसे ठेवले होते त्या नातलगाने ते देण्यास नकार दिला. प्रवासाचे भाडे दुसऱ्या स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले. ते घरून सरळ जहाजावर गेले असते, तर यांतील बरेच काही टळले असते. जितका मुक्काम लांबतो तितके सल्लागार वाढतात आणि निश्चयाची परीक्षा होते. तथापि प्रतिज्ञा आईसमोर, घर सोडण्यापूर्वी, पूर्ण विचाराने घेतलेली होती. ती बंदरात घाईने आठवावी लागली नाही. म्हणून ती टिकली.

पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी मुंबईहूनच जहाजाने शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस निघाले. निमंत्रण होते आचार्य विजयानंदसूरी, अर्थात आत्मारामजी महाराजांना. साधुजीवनाच्या मर्यादेमुळे त्यांना वाहनाने जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना तयार करून पाठवले. परदेशातही त्यांनी आपला आहार आणि आचार सांभाळला. तरीही समुद्र ओलांडला म्हणून परतल्यावर समाजातील काही मंडळींनी आक्षेप घेतलाच. आज आपण सहकुटुंब हौसेने जहाजावर चढतो, तेव्हा या वाटेवर आपल्यापूर्वी गेलेल्यांनी काय सोसले आणि काय जपले, याची आठवण असावी.

आपल्या बारा व्रतांतील दिशापरिमाण व देशावकाशिक ही दोन व्रते तर प्रवासाशीच निगडित आहेत. कोणत्या दिशेस किती जावे याची मर्यादा ज्यांनी बांधली आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधी ती तपासावी, आवश्यक वाटल्यास गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे. हेही आदल्या रात्री करण्याचे काम नव्हे.

मग करावे काय?

या अनुभवातून आमच्या घराने काही गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीनुसार त्यांत फेरफार करावा.

शीळफाटा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील निरोगी कुटुंबाला मुंबईत खोली घेण्याची सहसा गरज नाही. परंतु दुपारी निघणेही बरोबर नाही. आमच्यासारखी बारा वाजण्याची वाट पाहू नये. रविवार असेल तर मेगाब्लॉक सुरू होण्यापूर्वीच, शक्यतो सात-साडेसातच्या आत, डोंबिवली किंवा दिव्याहून लोकल पकडावी. गर्दी कमी असते, सामान घेऊन चढता येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यावर फोर्टातील बोरा बाजारात श्री शांतिनाथ भगवंतांचे जिनालय जवळच आहे. दर्शन-पूजन तेथे करावे, नवकारसी करावी आणि नोंदणी सुरू होताच धक्क्यावर जावे. अशाने घरची झोपही मिळते आणि बंदरातील निवांतपणाही.

घाटापलीकडून किंवा दूरच्या गावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी येणेच योग्य. मात्र मुक्काम हॉटेलातच केला पाहिजे असे नाही. आपल्या पट्ट्यात नातलगांचे घर असेल तर तेथे उतरावे. सूर्यास्तापूर्वी जेवण, गाळलेले व उकळलेले पाणी, ओळखीचे अंथरूण आणि सकाळी एकत्र निघणे. प्रस्थान ठेवण्याची जुनी रीत नव्या काळात याहून चांगली कशी पाळावी? भावाला आम्ही तेव्हा हे सुचवलेच नाही, याची आता खंत वाटते. तो कल्याणला उतरला असता तर आई त्याच्या मुलांसोबत एक संध्याकाळ घरी राहिली असती, आणि मुलाची कुल्फीही बहुधा टळली असती.

वृद्ध, आजारी किंवा चौविहार-तिविहारासारखे कडक नियम असणारे कोणी बरोबर असेल आणि लोकल झेपत नसेल, तर मात्र खर्चाकडे पाहू नये. आदल्या दिवशी मुंबईत जावे. जागा निवडताना समुद्र दिसतो की नाही हे पाहू नये, जिनालय आणि भोजनशाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे की नाही हे पाहावे. पायधुणी आणि भायखळा हे दोन्ही भाग या दृष्टीने सोयीचे आहेत. भायखळ्याचे श्री आदिनाथ जिनालय तर मोतीशा शेठ यांनी बांधले, ज्यांची स्वतःची जहाजे चीनपर्यंत व्यापारास जात आणि ज्यांचा १८३४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पांजरपोळेच्या उभारणीत मोठा वाटा होता. समुद्रावर पाठवण्यापूर्वी धन आणि मन दोन्ही कोठे ठेवावे, हे त्या पिढीला ठाऊक होते.

आणि कोणत्याही वाटेने जा, सायंकाळचा डबा, औषधे व पाणी मोठ्या बॅगेत ठेवू नका. ती ज्याची त्याच्या खांद्यावर असू द्या. शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नसल्यास ते धक्क्यावरच, वेळेत, खाऊन घ्या. जहाजावरील व्यवस्थापकांस सूर्यास्ताची वेळ तिकीट काढतानाच लेखी कळवा आणि सुरक्षा-कवायत केव्हा आहे हेही विचारून ठेवा.

परतीच्या प्रवासात, शेवटच्या संध्याकाळी, भावाचा मुलगा सूर्यास्तापूर्वी जेवून आजीजवळ येऊन बसला. त्याने आपणहून शनिवारची गोष्ट तिला सांगितली. आईने त्याला रागावले नाही. गुरुमहाराजांकडे जाऊन आलोयणा घे आणि नियम पुढे चालू ठेव, एवढेच सांगितले. मग दोघांनी मिळून पच्चक्खाण घेतले आणि सूर्य पाण्यात बुडेपर्यंत कठड्यापाशी बसून राहिले. आम्ही तिला ज्यासाठी नेले होते, ते तिने त्या दिवशी पाहिले.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.